पुसलेलं अजून माझ्यात आहे

मी बाहेरच्या खोलीतला संगणक बोलतोय. येणाऱ्याजाणाऱ्याला माझा पडदा दिसावा, म्हणून माझ्या मालकाने मला मुद्दाम दाराकडे तोंड करून बसवलं होतं.

संध्याकाळी कामावरून आला की तो पाणी प्यायच्या आधी माझ्यासमोर बसायचा. दिवसभरात काय काय शोधलं गेलं, ते एकेक वाचायचा आणि बायकोला हाक मारायचा, "हे कशाला बघितलंस?" तिचा फोन त्याने मागेच काढून घेतला होता. मी राहिलो, कारण त्याच्या बहिणीला घरून काम करायला मी लागायचो. बहीण त्याच्या बायकोला वहिनी म्हणते, म्हणून मीही वहिनीच म्हणतो.

वहिनी लग्नाआधी नर्स होती. एका दुपारी तिने भीतभीत शोधलं : 'नर्सची जागा, राहण्याची सोय'. पुढे एका लांबच्या गावाचं नाव. तिने मेल पाठवला, आणि तिथल्या दवाखान्याने या म्हणून कळवलंही.

मग ती ते सगळं पुसायला बसली. पुसलं, ब्राउझरची खिडकी बंद केली, पुन्हा उघडली. पहिलं अक्षर टाइप केलं, तर आख्खी ओळ गावासकट हजर. पुन्हा पुसलं, पुन्हा तेच. दोष माझा. खिडकी बंद दिसली तरी ब्राउझर मागे चालूच होता, आणि शोधांची नोंद असलेली फाइल धरून होता. 'ही फाइल वापरात आहे,' एवढंच मी तिला सांगत राहिलो. शेवटी तिने वायरलाच हात घातला.

"वहिनी, वायर ओढू नकोस. चालू केला की परत येईल," नणंद दारातून म्हणाली. "सरक जरा."

ती ओळ पडद्यावरच होती. वहिनी भिंतीला टेकून उभी राहिली. नणंदेने मागे चालणारा ब्राउझर बंद केला, फाइल शोधून काढली आणि पुसली. ओळ गेली.

"आता काहीच दिसत नाही," वहिनी म्हणाली.

"तेच वाईट. एवढं कोरं दिसलं तर दादा जास्त खोदेल." असं म्हणून तिने ओट्यावरच्या मुंग्या, पडद्याचं कापड, गुडघेदुखी असं काहीबाही शोधून ठेवलं. मग हळूच म्हणाली, "मी काही वाचलेलं नाही. कधी निघणार तेही सांगू नकोस. मला खोटं बोलायला जमत नाही."

त्या संध्याकाळी त्याने मुंग्यांबद्दल वाचलं आणि उठून पाणी प्यायला गेला.

त्याच आठवड्यात वहिनी भाजी आणायला म्हणून गेली, ती परतली नाही. तो बहिणीवर खूप ओरडला. "मला माहीत नाही, दादा," यापलीकडे ती बोलली नाही. मग त्याने मला उचललं आणि इथे दुरुस्तीच्या दुकानात आणलं.

"पुसलेलं परत काढता येतं का?"

"पुसलं म्हणजे लगेच जात नाही, साहेब. त्यावर दुसरं काही लिहिलं जाईपर्यंत आतच असतं. बघतो."

माझं झाकण काढलंय. मालक समोरच्या स्टुलावर बसून आहे. शोध सुरू झालाय, आणि ती ओळ कुठे पडली आहे ते मला ठाऊक आहे. गावाचं नावही शाबूत आहे. लपवणं मला येत नाही; विचारलं की मी देतो, माझी घडणच तशी.

वहिनी, कोणीतरी तुझ्यापर्यंत एवढा निरोप पोचवो : त्या गावात थांबू नकोस. आजच पुढे निघ.