राहिला म्हणजे कुठं राहिला?

साहेब, तुम्ही एका मेलेल्या माणसाला पळपुटा ठरवलंत. तेही माईकवर, पालघरच्या भरलेल्या सभागृहात, त्याच्या गावच्या बायकापोरांसमोर. ठरवलंत आणि वर बाटली उघडून घोटभर पाणी प्यायलात. परीक्षकाची खुर्ची तुमची, शाल तुमची, माईक तुमचा. चूकही तुमचीच होती, पण ती एकनाथ पागधरेच्या पदरात टाकून तुम्ही मुंबईची गाडी पकडलीत.

एकनाथ कोण ते आधी ऐका, कारण त्याचं नाव पुकारतानाही तुम्ही 'पांगारे' म्हणाला होतात.

उंबरदांडी हे बोईसरच्या पश्चिमेला, खाडीच्या तोंडाशी वसलेलं मच्छीमारांचं गाव. एकनाथ तिथला, पण होडीत बसला की त्याच्या पोटातलं सगळं बाहेर येतं. म्हणून तो तारापूरच्या एका केमिकल कारखान्यात बॉयलरवर लागला. भाऊ दर्यात, बाप दर्यात, आणि हा बॉयलरवर. गावानं त्याचं नाव 'कोरडा एकनाथ' ठेवलं. शाळा नववीत सुटली होती. संवाद लिहायला तो शकूकडून शिकला. शकू त्याची बायको, बोईसरच्या बाजारात मासळी विकते. तिच्याशी दरावरून वाद घालून हरलेली गिऱ्हाईकं सालवडपर्यंत कुठंही भेटतील. एकनाथ सुट्टीच्या दिवशी तिच्या पाटीमागं बसायचा, ऐकायचा आणि घरी येऊन लिहायचा. त्याच्या नाटकातल्या राण्यासुद्धा पापलेट विकल्यासारख्या बोलतात, असं लोक म्हणायचे. ते खरंच होतं.

उंबरदांडीला नाटक पावसाळ्यात सुचतं. होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या, जाळी दुरुस्त होत आलेली, पुरुष घरात आणि बायका त्यांना कंटाळलेल्या. मग तालमी. नारळी पुनवेला प्रयोग. पहिल्याच ऐतिहासिक नाटकात पुंडलिक तांडेल राजा होता. तांडेल म्हणजे होडीचा प्रमुख. तेवीस माणसांवर हुकूम चालवायची सवय, म्हणून राजा. दरबार भरलेला असताना बाहेर वारा फिरला. राजा सिंहासनावरून उठला, बाहेर जाऊन आपल्या होडीचा दोर बघून आला आणि परत येऊन बसला. तोवर प्रधानानं राज्य सांभाळलं. दुसऱ्या एका नाटकातल्या खलनायकाला एकनाथला तिसऱ्या अंकाच्या आत सुधारावं लागलं, कारण त्या नटाच्या मुलीला बघायला पाहुणे येणार होते. अशा अडचणी तुमच्या पुस्तकांत नसतात, साहेब. एकनाथनं त्या सगळ्या पार करून इतकी वर्षं नाटकं लिहिली.

आणि मग त्यानं 'कंदील उतरव' लिहिलं. गोष्ट साधी. एका खलाशाची बायको नवऱ्यासाठी रोज संध्याकाळी दारातल्या बांबूवर कंदील टांगते. लोक समजावतात, ती ऐकत नाही. शेवटी एका संध्याकाळी ती कंदील खाली उतरवते आणि एवढंच म्हणते, "माजा घरवाला दर्यावर ऱ्हायला."

पडदा.

आता इथं तो शब्द समजून घ्या. उंबरदांडीत कोणी बुडत नाही. म्हणजे माणसं बुडतात, पण 'बुडाला' हा शब्द गावात कोणी तोंडातून काढत नाही. होड्या बाहेर असताना तर नाहीच, आणि मोसमात कुणा ना कुणाची होडी कायम बाहेर असते. जो परत येत नाही तो 'ऱ्हायला'. पाहुणा जेवायला राहतो तसा दर्यानं ठेवून घेतला. गावात नारळी पुनवेला हे वाक्य झालं तेव्हा पुरुषसुद्धा खाली बघत बसले. हेमांगीनं बायकोचं काम केलं होतं. तिचा बाप ती पाळण्यात असतानाच ऱ्हायला होता.

तेच नाटक स्पर्धेला पालघरला आलं. आणि तुम्ही उठलात, घसा साफ केलात आणि म्हणालात, "संहितेत मोठी त्रुटी आहे. नायिकेचा पती समुद्रावरच राहतो, घरी परतत नाही. का? त्याचं दुसरीकडे घर आहे का? जबाबदारीपासून पळणाऱ्या या पुरुषाला लेखक जाब का विचारत नाही? शिवाय समुद्रावरचं नाटक असूनही मृत्यूचं भय कुठेच जाणवत नाही. लेखकानं एकदा समुद्र जवळून पाहावा, असा माझा प्रेमाचा सल्ला."

परतीचा टेम्पो निघाला. पालघर सुटलं, बोईसरचे दिवे आले, तेव्हा हेमांगी म्हणाली, "एकनाथदादा, म्हंजे माजा बाप पळाला काय?"

"नाय गं बाय."

"दुसरीकडं घर हाय म्हनं."

"असंल तर चांगलंच असंल," शकू म्हणाली. "पापलेट फुकट."

हेमांगी हसली. हसताना तिनं पदर डोळ्यांना लावला. एकनाथ मात्र हसला नाही. शकू एवढं वाईट बोलून दाखवते तेव्हा ती फार चिडलेली असते, हे त्याला ठाऊक होतं.

पुढच्या मोसमात बोंबील सुकवायच्या बांबूंखाली गावच्या नाटक मंडळाची बैठक बसली. मंडळाचा सेक्रेटरी मितेश. बोईसरला मोबाईल दुरुस्तीचं दुकान, केसांना जेल, बोलायला गोड. तो म्हणाला, "काका, राग मानू नका. आपल्याला अंतिम फेरीत जायचंय. मी मुंबईहून एक तयार नाटक आणतो. एक नवरा, दोन बायका, एक सोफा. हमखास हशा."

"सोफा कुटून आनशील?" पुंडलिक तांडेलनं विचारलं.

"बोईसरला भाड्यानं मिळतो."

"आनि बसनार कोन? आमी भुईवर बसनारी मान्सं."

"बाबा, बसायचं नसतं. त्याच्यामागं लपायचं असतं."

एकनाथ इतका वेळ जाळ्याचा एक धागा बोटाला गुंडाळत होता. त्याला कळत होतं की एकदा सोफा गावात आला की तो परत जाणार नाही. मग दरवर्षी सोफा, आणि आपण पडदा ओढायला. तो म्हणाला, "ह्या वेळी 'कंदील'च करू. दुरुस्त करून देतो. नाय गेलो अंतिमला, तर आन तुजा सोफा. मी पेन खाली ठेवीन."

"काय दुरुस्त करनार?" हेमांगीनं विचारलं.

"तो शब्द. शुद्ध लिवतो. बु—"

बांबूंखालच्या सगळ्या माना एकदम वर झाल्या. पुंडलिक आता वयामुळं किनाऱ्यावरच असायचा, पण त्याची होडी त्याच पहाटे गेली होती, त्याचे दोन्ही मुलगे तिच्यावर.

"—बुधाला घेऊ म्हंतो कामाला," एकनाथनं वाक्य कसंबसं किनाऱ्याला लावलं.

बुधा खरंच होता. मनोरच्या वरच्या पाड्यावरचा, कारखान्यात एकनाथबरोबर बॉयलरवर. डोंगरात पावसाळी शेती आणि बाकीचे महिने तारापूर. एकनाथनं त्याला गाठलं आणि समजावलं, की हेमांगी तो शब्द बोलणार नाही, गावातलं कोणीच बोलणार नाही, तर निरोप्याचं पात्र घालतो, तू येऊन बोल.

"बोलंन की," बुधा म्हणाला. "आमाला काय, आमची नदी चार म्हयने असते. एकच शब्द ना?"

"एकच."

तालमीला बुधा आला, खमीस इस्त्री करून. त्यानं तोंड उघडण्याआधीच बायका पोरांना घेऊन निघाल्या. पुंडलिकनं चपला हातात घेतल्या. हेमांगी तेवढी कंदील धरून उभी राहिली, आणि तिनं कंदिलावर पदर ओढून घेतला. बुधानं ते पाहिलं. तो एकनाथकडं वळला.

"दादा, एकदा तुमी बोलून दावा. कसं बोलायचं ते."

"अरे सोपं हाय. बु..." एकनाथ थांबला. त्याचा भाऊ अंकुश पुंडलिकच्याच होडीवर होता, आणि ती अजून बाहेर होती. "बु..."

"बुंदी?" दारातून शकू म्हणाली.

"बुधा, चहा घे," एकनाथ म्हणाला.

झालं. नाटककाराची तिथं परीक्षा झाली आणि तो नापास झाला. किंवा पास झाला. ते तुम्ही ठरवा, परीक्षक तुम्ही आहात. घरी जाताना शकू म्हणाली, "आता काय करनार?"

"ऱ्हायला तसाच ऱ्हाऊ देतो."

"मग पेन?"

"पेन सोफ्यामागं लपवीन."

असं 'कंदील उतरव' पुन्हा पालघरला आलं, एक अक्षर न बदलता. तुम्हीच पुन्हा पहिल्या रांगेत. हेमांगीनं शेवटचं वाक्य म्हटलं. या वेळी तिनं ते म्हणताना तुमच्याकडं पाहिलं, हे तुमच्या लक्षात आलं का? तुम्ही तेव्हा मोबाईल बघत होतात.

स्पर्धा संपली आणि तुम्ही माईकपाशी आलात. निकालाआधी आवाज जड करून म्हणालात, "एक दुःखद उल्लेख करायचा आहे. आमचे ज्येष्ठ स्नेही, या स्पर्धेचे आधारवड, गेल्या महिन्यात गेले."

सभागृह शांत झालं. आणि त्या शांततेत पुंडलिक तांडेलचा आवाज उठला. तो आवाज वाऱ्याच्या उलट दिशेला दुसऱ्या होडीपर्यंत पोचायची सवय असलेला आहे. त्याला माईक लागत नाही.

"कुटं गेले?"

तुम्ही गोंधळलात. "म्हणजे... गेले."

"हां, पन कुटं? दुसरीकडं घर हाय काय?"

"अहो," तुम्ही म्हणालात, "ते आता राहिले नाहीत!"

पुंडलिकचा चेहरा खुलला. त्यानं शेजाऱ्याच्या मांडीवर थाप मारली. "नाय ऱ्हायले? मग बोला की तसं! परत आले! बरं झालं, बाबा, बरं झालं!"

आणि टाळ्या वाजवल्या. मागच्या रांगेतल्या दोन म्हाताऱ्यांनीही वाजवल्या, एकीनं तर देवाला हात जोडले. त्यांना खरोखर आनंद झाला होता, साहेब. त्यांच्या बोलीत जो ऱ्हायला नाही, तो किनाऱ्याला लागला. पुंडलिकचं मात्र सांगता येत नाही. त्यानं मुद्दाम विचारलं की साध्या मनानं, हे उंबरदांडीला आजवर कळलेलं नाही. एकनाथनं नंतर तीनतीनदा विचारलं, तर म्हातारा म्हणतो, "राजाचं काम केलंय मी. राजाला कारन विचारत नाय."

हसू सभागृहात हळूहळू पसरत गेलं. आधी आमच्या रांगा, मग पालघरच्या, मग सातपाटीकडून आलेलं एक मंडळ तर खुर्च्या बडवायला लागलं. एकनाथ तेवढा हसत नव्हता. कुणाचा तरी माणूस मेला आहे आणि आपण हसतोय, हे त्याला खुपलं. ते तुम्हाला मागच्या वर्षी खुपलं नव्हतं, एवढाच तुमच्यात आणि त्याच्यात फरक.

तुम्ही "शांतता राखा" म्हणालात आणि निकाल वाचलात. 'कंदील उतरव' कुठंच नव्हतं. शेरा होता, "मागील वर्षीची त्रुटी कायम."

टेम्पोत एकनाथ पुढं ड्रायव्हरजवळ बसला, म्हणजे कुणाकडं बघायला नको. खिशातलं पेन काढून त्यानं मागं मितेशला दिलं. "घे. बोललो होतो."

मितेशनं पेन घेतलं, उघडलं, बंद केलं. पोराच्या केसांतलं जेल घामानं उतरलं होतं. तो म्हणाला, "काका, सोफेवाल्याला मी मघाशीच फोन केला."

"आनतोय कधी?"

"नको म्हनून सांगितलं. आता ह्याच्यावर लिवा की. तांडेलबाबा आनि परीक्षक. आख्ख्या जिल्ह्यात चालेल." आणि पेन परत एकनाथच्या खिशात खोचत तो सगळ्यांना ओरडून म्हणाला, "ऐका रे! आपला लेखक कोन, तर एकनाथकाकाच ऱ्हायले!"

"ए मुडद्या!" सगळा टेम्पो एकदम अंगावर आला. हेमांगीनं त्याच्या पाठीत कंदील घातला. शकूनं बाहेर थुंकून दृष्ट काढली आणि मग मागून हात घालून नवऱ्याचा दंड असा घट्ट धरला की बोईसर येईपर्यंत सोडला नाही.

"मी होडीत पन बसत नाय गं," एकनाथ म्हणाला.

"गप बसा," शकू म्हणाली. "टेम्पो काय कमी हलतोय?"

एकनाथ आता नवं नाटक लिहितोय. त्यात एक परीक्षक आहे, आणि ते काम बुधा करणार आहे, त्याच इस्त्रीच्या खमिसात. पण तुमच्यासाठी एक संवाद मोकळा सोडलाय, साहेब, कारण तो एकनाथला लिहिता येत नाही. आमचा माणूस ऱ्हायला, तर तो का राहिला, कुणाकडं राहिला, याचा खुलासा तुम्ही दोनदा मागितलात. तुमचे स्नेही गेले, त्यांच्याबद्दल आम्ही एकदाच विचारलं, तर शांतता राखा म्हणालात. शांतता आम्ही पुष्कळ राखली. कंदील उतरवताना उंबरदांडीची प्रत्येक बाई ती राखते.

आता तुम्ही बोला. शुद्ध भाषेत, माईकवर, सगळ्यांसमोर सांगा: हेमांगीचा बाप पळाला होता का?