टेम्पोवर झोपलेले साहेब

परवाना खात्यातल्या त्या निरीक्षकाला लोक पाठीमागे ‘फूटपट्टी’ म्हणायचे. त्याला ते माहीत होतं आणि खरं सांगायचं तर मनातून आवडायचंही. जाहिरात चिकटवलेली कुठलीही गाडी दिसली की हा वाकून मापं घेऊ लागायचा. काच झाकली गेलीय का, नंबरप्लेट दिसते का, डोळे दिपवणारा चकचकीत कागद तर वापरला नाही? गाडीवाले गयावया करायचे, पण हा ढिम्म.

अशा माणसाची सख्खी मोठी बहीण गाद्यांचं दुकान चालवत होती, आणि तिला आपल्या टेम्पोवर जाहिरात लावायची होती. तिने पहिलं चित्र दाखवलं, ते मागची काच झाकतंय म्हणून याने नाकारलं. दुसऱ्या चित्रात कोपऱ्यात एका उशीवाल्याचं नाव होतं. आपल्या गाडीवर दुसऱ्याची जाहिरात करायची तर वेगळा परवाना लागतो, म्हणून तेही परत. दोन्ही गोष्टी तिला खुर्चीवर बसवून समजावता आल्या असत्या. पण बहिणीला झुकतं माप दिलं असं कोणी म्हणू नये म्हणून या शहाण्याने तिला खिडकीबाहेर ताटकळत ठेवलं आणि वर सुनावलं, “अहो बाई, पुढच्या वेळी नियम वाचून येत चला.”

सख्ख्या बहिणीला अहो बाई! ती एक अक्षर न बोलता निघून गेली. एरवी तोंडाचा पट्टा चालवणारी ती गप्प झाली की सगळं घर सावध व्हायचं. फूटपट्टी मात्र पुढच्या अर्जदाराची मापं काढण्यात गुंग होता.

तिने नियम वाचले, अगदी चवीने वाचले. आपल्याच मालाची जाहिरात आपल्याच गाडीवर असेल तर परवाना लागत नाही, हे तिला त्यातच सापडलं. म्हणजे चित्र भावाला दाखवायचीही गरज नव्हती.

मग एका सकाळी फूटपट्टी चौकात गाड्या तपासत असताना सिग्नलला एक टेम्पो येऊन थांबला, आणि आजूबाजूचे लोक खो खो हसू लागले. टेम्पोच्या अख्ख्या बाजूवर पांढरीशुभ्र गादी होती. गादीवर गणवेशातला एक माणूस हातपाय पसरून, तोंड उघडं टाकून घोरत पडला होता. वर ठळक अक्षरं: ‘आमच्या गादीवर भलेभले आडवे होतात!’

तो माणूस म्हणजे फूटपट्टीच होता. मध्यंतरी तिच्या दुकानाची पाटी मापायला तो गेला होता, तेव्हा तिने आधी पोटभर जेवू घातलं होतं आणि मग ती म्हणाली होती, “ही नवी गादी जरा बसून बघ रे.” तो बसला होता, इतकं त्याला आठवत होतं.

तो तिरासारखा टेम्पोकडे धावला. स्टिअरिंगवर ताई बसली होती, चेहऱ्यावर कमालीचा भोळा भाव.

“ताई, गाडी बाजूला घे. तपासायची आहे.”

“तपास की. नियम वाचून आलेय.”

त्याने काचा पाहिल्या, दिवे पाहिले, गाडीखाली वाकूनही पाहिलं. कुठे म्हणून बोट ठेवायला जागा नव्हती. रडकुंडीला येऊन तो चित्रासमोर उभा राहिला आणि एकदम ओरडला, “सापडलं!”

चित्रातल्या गणवेशाच्या खिशावर खात्याचं चिन्ह होतं. सरकारी चिन्ह जाहिरातीत वापरलं तर गाडी तिथल्या तिथे जप्त.

“काय सापडलं रे?” ताईने खाली उतरत विचारलं. तिचा चेहरा पहिल्यांदाच उतरला होता. “बघ हं, आत वसतिगृहाच्या गाद्या आहेत. आज पोचल्या नाहीत तर काम दुसऱ्याला जाईल. असं मोठं काम मला पुन्हा मिळायचं नाही.”

फूटपट्टीने चिन्हावर ठेवलेलं बोट मागे घेतलं. नेमक्या त्याच वेळी मागे खोळंबलेल्या एका गाडीतून खात्याच्या मोठ्या मॅडम उतरून आल्या.

“हे आपलं चिन्ह ना? आणि हा झोपलेला कोण?”

झोपलेला मीच, असं म्हटलं की चिन्ह खरं ठरणार आणि टेम्पो जाणार. फूटपट्टी म्हणाला, “कोणी नट असेल, मॅडम. भाड्याचा गणवेश. चिन्हही नकलीच दिसतंय.”

मॅडमनी चित्राकडे पाहिलं, मग त्याच्याकडे, मग पुन्हा चित्राकडे. “नटाची मिशी अगदी तुमच्यासारखी आहे.”

“अशा मिशा पुष्कळांना असतात, मॅडम.”

ताई त्याच्याकडे बघतच राहिली. हा माणूस शाळेत स्वतःची चूक स्वतः बाईंना सांगून मार खायचा. तो आज भर चौकात, तिच्यासाठी, धडधडीत खोटं बोलत होता, आणि तेही किती वाईट! तिचे डोळे भरून आले.

“नट कसला, मॅडम. माझा भाऊ आहे हा, धाकटा. मीच जेवू घालून निजवला आणि फोटो काढला. चूक माझी आहे. जप्त करायची तर करा गाडी.”

मॅडम हसू दाबायला तोंड फिरवून उभ्या राहिल्या. मग करड्या आवाजात म्हणाल्या, “चिन्ह दिसतंय तोवर ही गाडी इथून हलणार नाही. आत्ताच झाकलंत तर जा. आणि तुम्ही,” त्या त्याच्याकडे वळल्या, “कामाच्या वेळी झोपलात, त्याचं उद्या ऑफिसात बघते.”

टेम्पोत चिकटवायच्या निळ्या कागदाची उरलेली गुंडाळी होती. ताईने कात्रीने त्यातून चादरीचा आकार कापला. भावाने एक टोक धरलं, तिने दुसरं, आणि दोघांनी मिळून तो कागद चित्रातल्या पायांवरून वर वर चिकटवत नेला. कडेला जमलेले लोक आता हसायचे थांबून बघत होते.

“बास, ताई. छातीपर्यंत पुरे,” तो म्हणाला. “चिन्ह झाकलं. नियमात बसलं.”

“गप रे. झोपेत गारठतोस तू,” ताई म्हणाली, आणि तिने चादर त्याच्या हनुवटीपर्यंत ओढून घेतली.