उजव्या पायाचा बूट

थोरला भाऊ एज्रा गेल्यापासून नफ्ताली वावोशीकरला काही म्हणजे काही वाटेनासं झालं होतं, आणि त्याच्या धंद्याला ते चांगलंच मानवलं. कर्जतच्या फार्महाऊसवर लग्नाआधीचे फोटो काढून घ्यायला जोडपी येतात. नफ्ताली त्यांना नदीत उभं करायचा, रंगीत धुराची नळकांडी पेटवायचा आणि शोकसभेतल्या आवाजात सांगायचा, "प्रेमाने बघा." घाबरून ती खरोखरच प्रेमाने बघायची. फोटो फार छान यायचे.

एज्रा खोपोलीच्या एका कारखान्यात होता. पाळी संपवून डबा धुवायला नळापाशी बसला, तो उठलाच नाही. मूलबाळ नव्हतं. मागे राहिली त्याची बायको सिपोरा आणि हा धाकटा. भिसेगावात ती वरच्या मजल्यावर, हा खालच्या. ती दोरीला डबा बांधून आमटी खाली सोडायची, हा रिकामा डबा वर पाठवायचा. दीर-भावजयीचं बोलणं बहुतेक दोरीवरूनच चालायचं. एज्राचं नाव मात्र नफ्तालीने एकदाही काढलं नाही. काढायला गेलं की जीभ दुसऱ्याच कोणाची तरी असल्यासारखी वाटायची.

मग सिपोराला इस्राएलातल्या अश्दोदहून स्थळ आलं. माणूस मूळचा पेणचा, बायको वारलेली, तिकडे बेकरी. सगळं जुळलं आणि तिकडच्या ज्यू धर्मपीठाने निरोप धाडला की आधी दिराने हिला मोकळं केलं पाहिजे, त्याशिवाय हिला लग्न करता येणार नाही.

हे प्रकरण काय ते धर्मपीठाच्या दुभाष्याने, ठाण्याच्या एलियाबने, नफ्तालीला फोनवर समजावलं. जुन्या काळी इस्राएली कुळात जवळच्या माणसाच्या मानेवर एक काम असायचं, सोडवायचं. भावाचं शेत हातचं गेलं तर ते सोडवायचं. भाऊ कुणाच्या दारी गुलाम म्हणून राबत असेल तर त्याला सोडवून आणायचं. आणि तो निपुत्रिक वारला, तर त्याच्या बायकोशी लग्न करून त्याचं नाव पुसलं जाण्यापासून वाचवायचं.

नफ्ताली म्हणाला की शेत नाही, सोसायटीचं पार्किंग आहे, आणि वहिनीने त्याला पाचवीचं गणित शिकवलंय, तिच्याशी लग्न कसं करणार. एलियाब म्हणाला की लग्न हल्ली कुणीच करत नाही. नकार द्यायचा, फक्त रीतसर. न्यायाधीशांपुढे ती तुझ्या उजव्या पायातला बूट काढेल आणि तुझ्यापुढे थुंकेल.

"माझ्यावर?"

"समोर. जमिनीवर. पण थुंकी न्यायाधीशांना दिसली पाहिजे."

नफ्ताली बरं म्हणाला आणि दुसऱ्याच दिवसापासून त्याचा पाय बिघडला. आधी नखुरडं झालं. मग मुरगळला. मग माथेरानला एका घोड्याने त्यावर पाय दिला. हा घोडा नफ्तालीशिवाय कोणीच पाहिला नव्हता. तारखा पुढे जात राहिल्या. सिपोराच्या डब्यातून आमटीबरोबर हळदीचा लेपही येऊ लागला.

शेवटी शेजारचे धर्माजी आले. एज्राबरोबर कारखान्यात एकाच पाळीला असायचे. त्यांनी आधी पायाकडे पाहिलं, मग तोंडाकडे.

"काय रं, किती दिस लंगडनार हायस? जाऊ दे की तिला."

"ती गेली की त्याच्याबद्दल बोलायला कोण उरणार, काका?"

"आता तरी कुटं बोलतोस?"

दुसऱ्या दिवशी नफ्तालीचा पाय बरा झाला.

पाच न्यायाधीशांची मंडळी परदेशातून आलेली, आणि मुक्काम कर्जतजवळच्या एका फार्महाऊसवर. विधीसाठी तिथलाच हॉल ठरला. आदल्या दिवशी तिथे कुणाचं तरी डोहाळजेवण झालेलं होतं आणि सजावट काढायला माणूस आलाच नव्हता. भिंतीवर सोनेरी अक्षरांत "कुणीतरी येणार येणार गं", खाली फुगे, मधोमध फुलांनी मढवलेला चंद्राचा झोपाळा. खुर्च्या कमी पडल्या, म्हणून सर्वांत वयस्क न्यायाधीश त्या चंद्रात बसले. त्यांची पांढरी दाढी संथपणे पुढे-मागे होत होती. हसायला कुणालाच सुचलं नाही.

नफ्तालीचा उजवा पाय धुतला गेला. त्यात एक कातडी बूट चढवला, पट्ट्यांच्या गाठी मारल्या, चालून दाखव म्हणाले. तो फुग्यांमधून चालला. मग त्याच्याकडून हिब्रूत वदवून घेतलं की हिच्याशी लग्न करायची माझी इच्छा नाही. पूर्ण शुद्धीत आहेस ना, असंही विचारलं. त्याचं प्रामाणिक उत्तर नाही असं होतं, पण तो हो म्हणाला.

सिपोरा वाकली. सकाळपासून उपाशी होती, तसा दंडकच होता. एका हाताने तिने गाठी सोडल्या, बूट काढला, बाजूला टाकला. तो एका फुग्यावर पडला, फुगा फुटला, आणि चंद्रातले न्यायाधीश क्षणभर जागे झाले.

आता थुंकायचं होतं.

सिपोराने तोंड हलवलं. काही आलं नाही. पुन्हा प्रयत्न केला. नुसती हवा. तोंडाला कोरड पडली होती. एलियाब कुजबुजला की पाणी चालणार नाही, थुंकी तिची स्वतःचीच हवी. राहिलं तर सगळं राहिलं. मंडळींचं परतीचं विमान त्याच रात्री होतं आणि पुन्हा ती कधी येतील याचा भरवसा नव्हता. सिपोराने नफ्तालीकडे पाहिलं. गणित चुकल्यावर तो तिच्याकडे बघायचा, तसं.

नफ्ताली तिच्यापुढे एका पायाने अनवाणी उभा होता. तोंड उघडेपर्यंत त्याला माहीत नव्हतं की आपण बोलणार आहोत.

"एज्रा कैरी आणायचा बघ, वहिनी. येताना खोपोलीहून. पिशवीत नाही, खिशात."

सिपोरा थांबली.

"सगळ्यात आंबट कुठली ते नखाने टोकरून बघायचा. कापायचा नाही, पाट्यावर आपटून फोडायचा. मग मीठ. जाडं. मग लाल तिखट, बोटाने चोळून चोळून. आणि पहिली फोड तो चोखायचा ना, एज्रा, तेव्हा एक डोळा आपोआप मिटायचा त्याचा. कान हलायचे."

"हा काय म्हणतोय?" मुख्य न्यायाधीशांनी एलियाबला विचारलं. एलियाबने तोंडाला सुटलेलं पाणी गिळलं, ते सगळ्यांना ऐकू आलं. तो म्हणाला की दीर मृताचं स्मरण करतोय. ते खरंच होतं. मागे साक्षीला बसलेल्या धर्माजींनी रुमालाने तोंड पुसलं.

"कोय पण सोडायचा नाही एज्रा," नफ्ताली म्हणाला, "कोवळी, कडू, तीसुद्धा मिठात..."

सिपोरा थुंकली. व्यवस्थित, ठसठशीत, त्याच्या अनवाणी पायापुढे वीतभर अंतरावर. पाचही न्यायाधीशांनी माना पुढे काढून पाहिलं. चंद्रातल्यांना झोपाळा थांबवून दाखवावं लागलं. मग भावाचं घर न उभारणाऱ्याचं काय होतं ते तिने हिब्रूत म्हटलं, आणि सगळ्यांनी तीनदा त्याला बूट उतरवलेला माणूस म्हणून पुकारलं. धर्माजींनाही पुकारायला लावलं. त्यांचा उच्चार सर्वांत स्पष्ट होता.

झालं. सिपोरा मोकळी झाली. हॉलचा मालक केतन येऊन म्हणाला की सजावट काढायचा माणूस आलाय, आवरायचं का.

नफ्ताली अजून तिथेच उभा होता. सिपोराने झाडूवाल्याकडून फडकं घेतलं आणि खाली बसून फरशी पुसायला लागली.

"गूळ राहिला," ती मान वर न करता म्हणाली.

"कुठे?"

"कैरीला. शेवटी गूळ लावायचे ते. तुझ्यासमोर नाही लावायचे, तू सगळा खाऊन टाकायचास."

हे नफ्तालीला माहीत नव्हतं.

"किसलेला की खडा?" त्याने विचारलं.

"खडा. दाताने तोडून."

तो तिच्यासमोर उकिडवा बसला. फरशी गार होती, हे त्याला उजव्या पायाने कळलं.

"अजून सांग," तो म्हणाला.