साखर चिमूटभर पुढे

त्या हिरव्या पाटीच्या दुकानातली कॉफी प्यायची आणि तिच्यात खोट काढायचीच, असं काकूंनी ठरवलं होतं. आणि काकूंनी एकदा ठरवलं, की प्रत्यक्ष ब्रह्मदेव आला तरी त्यालाच बाकावर बसून राहावं लागे.

आसपासच्या गावांत मिळून त्या कंपनीची चौदा दुकानं होती. दूध, पाव, साबण, बॅटऱ्या, सगळं एका छताखाली आणि कोपऱ्यात कॉफीचं मशीन. पंधरावं दुकान नेमकं काकूंच्या कॉफीच्या दुकानासमोर उघडलं आणि सहा महिन्यांत काकूंची निम्मी गिऱ्हाइकं रस्ता ओलांडून पलीकडे गेली. सव्वीस वर्षांची गिऱ्हाइकं! भांडून गेली असती तरी काकूंना चाललं असतं, पण ती लांबून हात हलवून हसत आणि तिकडे शिरत. काकूंनी आधी दुधाला दोष दिला, मग पावडरीला, मग नव्या पातेल्याला. नाचता येईना अंगण वाकडं, हे त्यांना तोंडावर सांगायची हिंमत कोणात होती?

"आज काय तो सोक्षमोक्ष लावते," त्या नवऱ्याला म्हणाल्या. "त्यांची खरंच माझ्यापेक्षा चांगली निघाली, तर महिन्याअखेर शटर खाली. चला, तुम्हीपण."

काका घड्याळं दुरुस्त करत. कॉफीच्या दुकानातच खिडकीपाशी त्यांचं टेबल होतं. रोजचा पहिला कप त्यांचा आणि पहिलं मतही त्यांचंच. लग्न झाल्यापासून या माणसाने बायकोच्या कॉफीचं धड कौतुक केलं नव्हतं. कॉफी अगदी उत्तम झाली, की म्हणत, "साखर चिमूटभर पुढे आहे," आणि कप तळापर्यंत रिकामा करत. काकूंना काय ते कळे. गेल्या वर्षी काकू मोठ्या तापातून उठल्या, तेव्हापासून मात्र काका मवाळ झाले होते. रोज म्हणत, "छान."

हिरव्या दुकानातल्या मुलीला काकूंनी विचारलं, "कॉफी कोण करतं इथं?"

"मशीन करतं, काकू."

"मग बोलवा त्याला बाहेर. काय ते त्याच्याशीच बोलते."

मुलगी हसली आणि तिने बटण दाखवलं. काकूंनी ते इतक्या त्वेषाने दोनदा दाबलं, की कप भरून खाली सांडला. तो पुसून घेऊन त्यांनी पहिला घोट घेतला, तोंडात घोळवला, आणि त्यांचा चेहरा उजळला.

"गरम पाणी! अहो, नुसतं गरम पाणी आहे हे! कॉफीचा मागमूस नाही! आणि यासाठी लोक रस्ता ओलांडतात?"

काकांनी कप घेतला. एक घोट, मग दुसरा. सवयीने कपाळाला आठी पडली. "करपट आहे जरा," ते म्हणाले. "दूधही पातळ आहे. आणि साखर चिमूटभर पुढे आहे."

बोलता बोलता त्यांनी कप तळापर्यंत रिकामा केला.

काकू जागच्या जागी थिजल्या. तापातून उठल्यापासूनच्या चौदा महिन्यांत ही भाषा त्यांनी ऐकली नव्हती.

बाहेरच्या बाकावर त्यांनी काकांना जवळजवळ ढकलूनच बसवलं. "खरं सांगा. माझी कॉफी कशी असते?"

"छान."

"छान म्हणजे कशी?"

काका आपल्या हातांकडे बघत म्हणाले, "तापातून उठल्यावर तू पहिल्यांदा केलीस ना, तिच्यात चमचा उभा राहील इतकी साखर होती. तू विचारलंस, कशी झालीय? तुझे हात थरथरत होते गं. मी म्हटलं, छान. मग दुसऱ्या दिवशी काय म्हणणार?"

काकूंना सगळा उलगडा झाला. तापाने तोंडाची चव गेली होती, ती हळूहळू परत आली असं त्या धरून चालल्या होत्या. स्वतःची कॉफी पिताना सव्वीस वर्षांची आठवण मदतीला धावून येत होती, एवढंच. परक्या कॉफीला ती आठवण कुठली? कॉफीवालीची जीभच गेली होती आणि ते साऱ्या गल्लीला ठाऊक होतं, एक तिला सोडून. त्यांना रडू फुटलं. त्याहून जास्त राग आला.

"चौदा महिने खोटं पाजलंत मला!"

"पाजलंस तू. मी प्यायलो."

काकू रडता रडता हसल्या आणि उठल्या. "शटर ओढायचं ते त्यांची चांगली निघाली तर. माझी खरी कॉफी अजून कुठं झालीय? तुमचं ते सेकंद मोजायचं घड्याळ काढा. आणि आजपासून माझ्या दुकानात 'छान' म्हणालात, तर टेबल रस्त्यावर जाईल."

दुसऱ्या दिवसापासून दुकान तासभर आधी, अर्ध्या शटरनं उघडू लागलं. पावडर काट्यावर, साखर सपाट चमच्याने, उकळी घड्याळावर. जिभेनं दगा दिला होता, पण कान शाबूत होते. दूध वर यायच्या आधी जी बारीक सरसर होते, तिच्यावर काकूंनी कान लावला. प्रत्येक पातेलं काकांसमोर येई आणि काका निर्दयपणे सांगत.

"कडू."

"उकळून उकळून जीव घेतलास तिचा."

"ही कॉफी? हिने भांडी घास."

प्रत्येक वेळी काकू पातेलं ओतून देत, कागदावरचा मापाचा आकडा खोडून नवा लिहीत आणि पुन्हा गॅस पेटवत. आठ दिवस झाले, अकरा झाले. काकांना आता रात्री डोळ्याला डोळा लागत नव्हता, पण एकदाही त्यांनी नाही म्हटलं नाही.

तेराव्या सकाळी काकांनी एक घोट घेतला, मग दुसरा, मग तिसरा. काकू ओट्याचा काठ धरून उभ्या होत्या. त्यांच्या हातातल्या कपातही तीच कॉफी होती आणि त्यांना ती फक्त गरम लागत होती.

"अहो, बोला की!"

काकांनी कप तळापर्यंत रिकामा करून खाली ठेवला.

"साखर," ते म्हणाले, "चिमूटभर पुढे आहे."

काकूंनी बाहीने डोळे पुसले, कागदावरच्या त्या आकड्याभोवती ठळक चौकोन काढला आणि जाऊन शटर सताड वर ढकललं.