आई गेल्याचं अक्षर

बाबा गेले त्या सकाळी श्वे मास्तर शोकपत्र लिहायला आले. दाराशी टेबल मांडलं, शाई उगाळली आणि मला विचारलं, "आई आहे का?"

मी कागद सरळ केला.

आमच्या चिनी रिवाजात शोकपत्रावर मुलाच्या नावाआधी तो कुणाला मुकला ते लिहितात. बाप गेला तर एक अक्षर. आई गेली तर दुसरं, 'कपडा' या चिन्हाच्या मधोमध 'तोंड' हे चिन्ह असलेलं. दोघं गेले तर दोन्ही. एरवी ते दुसरं अक्षर कुठल्याही दुःखाला चालतं. या कागदावर त्याचा अर्थ एकच, आई मेली.

आमची आई दुष्काळाच्या साली माहेरून रताळी आणते म्हणून गेली, ती आलीच नाही. तेव्हा मी नऊ वर्षांचा होतो. आता सत्तरीचा आहे.

"दोन्ही लिहा," धाकटा भाऊ योंगथाय म्हणाला. "असती तर नव्वदीची असती."

"मग मी कितीची आहे रे?" काकू चुलीपासून ओरडली. "मलाही टाक लिहून!"

"तुमची चिठ्ठी यमानं हरवली, काकू."

"हस मेल्या. तुझ्या बापानं साठ वर्षं तिच्या नावाची पाटी पूर्वजांच्या पाट्यांत ठेवू दिली नाही. आज तो आडवा झाला, तर तुम्ही तिला मारता?"

मास्तरांनी कुंचला खाली ठेवला. "नुसतं बापाचं लिहिलं, तर आई घरात आहे असं होतं. येणारे तिला भेटायचं म्हणतील. काय सांगणार?"

अक्षरं मी अठ्ठावन्नाव्या वर्षी शिकलो, याच मास्तरांकडे. "द्या इकडे," मी म्हटलं.

आधी कपड्याचा वरचा भाग, मग तोंड, मग खालचा घोळ.

"तोंड बारीक झालं," मास्तर म्हणाले.

"राहू दे."

योंगथाय भिंतीला टेकून हुंदके देऊ लागला. मला भूक लागली होती.

जरा वेळानं तो म्हणाला, "दादा, काठी एकच आणलीय."

बापाच्या अंत्ययात्रेत थोरल्यानं बांबूची काठी धरायची, आईच्या यात्रेत लाकडाची. मी परसात गेलो, एक फांदी तोडली, साल सोलली.

तिसऱ्या दिवशी दोन्ही हातांत दोन काठ्या घेऊन बाबांच्या शवपेटीमागे चाललो. डोळे पुसायला हात मोकळा नव्हता. तशी गरज पडली नाही.