कपाटातली नवीकोरी पेटी

मी पेटी बोलतेय. हार्मोनियम म्हणा हवं तर. सरकारी कागदावर मला 'बालकांच्या सृजनशीलतेच्या विकासार्थ वाद्य, नग एक' म्हणतात. हे नाव ठेवणाऱ्याने उभ्या जन्मात पेटीला हात लावला नसणार.

सत्त्याऐंशी साली कुठल्याशा कला शिक्षण योजनेतून मी जयपूरला, शास्त्री नगरातल्या एका सरकारी शाळेत आले. हेडमास्तर भगवानसहायजींनी मला उघडलं, कोरा भाता बघून खूश झाले आणि सरळ लोखंडी कपाटात कोंबलं. किल्ली जानव्याला. माणूस दुष्ट नव्हता, नुसता भित्रा होता. दुष्ट परवडला असता, त्याने निदान मला विकून तरी खाल्लं असतं.

संगीताला शुभदाबाई होत्या, सांगलीच्या. नवरा इथल्या छावणीत सुभेदार. रोज किल्ली मागायच्या आणि रोज एकच उत्तर ऐकायच्या.

"अजी शुभदाजी, सरकारी सामान है. टूट गया तो जवाब कौन देगा? इन्स्पेक्शन हो जाने दीजिए."

इन्स्पेक्शन काही होईना. वर्षातून एकदा, वसंत पंचमीच्या सरस्वतीपूजेला, मला बाहेर काढत. कुंकू, अक्षता, लाल धागा, वर बुंदीचा लाडू. सगळी शाळा मला नमस्कार करी, पण पट्टीला बोट लावायची कुणाला परवानगी नसे. प्रसाद वाद्यापाशीच राहायला हवा, या हट्टापायी लाडवासकट मला पुन्हा कपाटात ठेवत. लाडवाच्या वासाने उंदीर आले. लाडू संपल्यावर त्यांनी माझा भाता आतून कुरतडला. वरून मी झकास दिसत होते.

यमुना ही छावणीतल्याच एका मराठी हवालदाराची मुलगी, म्हणून बाईंना मावशी म्हणे. तिला सरकारची संगीत शिष्यवृत्ती हवी होती. ती मिळाली तर चांगल्या गुरूकडे शिकायला मिळणार होतं. वयाची अट चौदाच्या आतली आणि तिला चौदा पुरे व्हायला तीन महिने उरलेले, म्हणजे परीक्षेला बसायची ही शेवटचीच खेप. शुभदाबाईंनी बाकावर खडूने पट्ट्या आखून दिल्या होत्या.

"मावशी, आज पण नाही? मतलब, बाकावरच?"

"बाकावरच. तोंडाने सूर म्हण आणि बोटं चालव."

वर्षभर मी कपाटातून तो आवाज ऐकला. मुलगी सुरेल होती आणि मी दाराआड सडत होते.

शिष्यवृत्तीच्या परीक्षेला सिव्हिल लाइन्समधल्या सरकारी कचेरीतून जीपने परीक्षक साहेब आले. नियम असा की मुलांनी योजनेतल्याच वाद्यावर वाजवून दाखवायचं, म्हणजे योजनेचा उपयोग झालेला दिसतो. भगवानसहायजींनी मला पुसून पुढे ठेवलं. यमुनाने भाता ओढला. फुस्स. पुन्हा ओढला. तिची बोटं माझ्यावरून अचूक फिरली, एकही पट्टी चुकली नाही. ते मला एकटीला कळलं.

"आवाज तो निकालो, बेटी," साहेब घड्याळ बघत म्हणाले.

"सर, भाता फटा हुआ है," शुभदाबाई म्हणाल्या. "इसे गाने दीजिए."

"नियम में गाना नहीं है."

त्यांनी लिहिलं, 'उमेदवारास वाद्याचा परिचय नाही.' मग माझ्यावर थाप मारली आणि शाळेच्या वहीत शेरा दिला, 'वाद्य नव्यासारखे. देखभाल उत्तम.' भगवानसहायजींचे डोळे भरून आले. कचोरी मागवली गेली. असल्या माणसांच्या हाती मुलांची कला! मला किळस आली.

यमुना उठली नव्हती. तिने हळूच विचारलं, "मावशी, माझं काय चुकलं?"

शुभदाबाईंनी तिला हात धरून उठवलं. मला तिला एकच सूर द्यायचा होता आणि तोही निघेना.

महिन्याभरात तिच्या वडिलांची बदली झाली. मी अजून कपाटात आहे, उत्तम देखभालीत. यमुना तुम्हाला कुठे भेटलीच, तर तिला एखादी जुनी पेटी द्या, शंभर हातांनी वाजवून पिवळी पडलेली. आणि सांगा तिला, त्या दिवशी तू एकदाही चुकली नाहीस.