काल्याच्या कीर्तनातली तुटकी पिन

या मित्रांनो, अंमळ पुढे सरकून बसा. माझा आवाज आता पूर्वीसारखा लांब जात नाही. एका लेकीची गोष्ट सांगतो.

मी एक जुना ॲम्प्लिफायर आहे. औंढे गावातल्या विठ्ठलमंदिरात माझा मुक्काम. माईकमध्ये शिरलेला आवाज मोठा करून कर्ण्यातून शिवारात पोचवायचा, हे माझं काम. किती कीर्तनकारांचे अभंग माझ्या तारांतून गेले! त्या पुण्याईवरच मी तगलो. मला सांभाळायचे निवृत्तीभाऊ. सप्ताहाआधी ते मला उपरण्याने पुसत आणि कुंकू लावत.

त्यांची लेक चैताली लहानपणी कीर्तनात माझ्यामागे बसे. सगळे महाराजांकडे बघत, ही माझ्या जाळीतून आत बघे. आत कोण गातंय, असं तिने वडिलांना विचारून विचारून भंडावलं. एकदा मी बंद पडलो, तेव्हा भाऊंबरोबर तीही लोणावळ्याला मेहबूबचाचांच्या दुरुस्तीच्या दुकानात आली. चाचांनी माझं झाकण काढलं आणि तिला स्टुलावर उभं केलं. तांब्याची ती वेटोळी बघून ती इतकी गप्प झाली, की भाऊंना वाटलं, पोर घाबरली. घाबरली कसली! पुढे शाळेला सुट्टी लागली की ती चाचांच्या दुकानात असे आणि प्रश्न विचारून त्यांचा चहा गार करी.

मोठी झाल्यावर ती इलेक्ट्रॉनिक्स इंजिनिअरिंगला गेली. पहिल्या इंटर्नशिपमध्ये तिने नुसती खोक्यांवर लेबलं चिकटवली. दुसरीत काम मिळालं ते तयार यंत्रांच्या पत्र्यात वीज उतरते का, हे तपासायचं. भाऊ तिची थट्टा करत, एवढं शिकून दिसभर टेस्टरच लावायचा का म्हणून.

त्या वर्षी सप्ताहाच्या तोंडावर माझ्या आवाजात घूंऽऽ अशी घरघर येऊ लागली. दत्तोबा महाराजांच्या अभंगाखाली ती घरघर भाऊंना सोसेना. प्लगची जाड तिसरी पिन काढली की घरघर जाते, असं त्यांना कुणीतरी सांगितलं. त्यांनी पक्कड घेतली आणि पिन कापली. घरघर गेली, भाऊ खूश झाले. पण मित्रांनो, ती पिन म्हणजे माझ्या अंगातली चुकार वीज जमिनीत सोडणारी वाट होती.

सप्ताहाच्या शेवटी, काल्याच्या दिवशी माझ्या आतली एक झिजलेली तार पत्र्याला टेकली. वीज माझ्या अंगात आली, तिथून माईकच्या दांड्यात जाऊन दबा धरून बसली. मी ओरडणार कसा? दुसरा जे बोलेल तेवढंच मला बोलता येतं.

महाराज कोरड्या घोंगडीवर उभे होते, माईक स्टँडवर होता, वर दह्याची हंडी टांगलेली. हंडी फुटली, की दह्याताकाने भिजलेले महाराज माईक हातात घेऊन गजर करतात, ही आमच्याकडची रीत. चैताली माझ्यावर फूल ठेवायला आली आणि तिच्या बोटाला झिणझिणी आली. तिने पर्समधून टेस्टर काढून मला लावला. त्यातला दिवा पेटला. ती बटणापाशी बसलेल्या वडिलांकडे धावली.

"आप्पा, बंद करा. ह्याच्या अंगात करंट उतरलाय."

"काल्याचं कीर्तन हाय. आवाज तुटला तर गाव काय म्हनंल? गप बस तितं."

"महाराज ओल्या हातानं माईक धरतील, आप्पा."

"चार दिस कारखान्यात गेली आनि मला शिकवती व्हय?" भाऊंनी बटणावर हातच ठेवला.

टाळ चढले. काठी हंडीला लागली. दही महाराजांच्या खांद्यावरून ओघळून घोंगडीत मुरलं आणि त्यांचा ओला हात माईककडे निघाला. चैतालीने बापाच्या हाताखालून झेप घेतली आणि प्लग उपसला.

कर्णे मुके झाले. कुणी अपशकुन म्हणालं, कुणी पोरीच्या शिक्षणाचा उद्धार केला. एकजण प्लग परत लावायला पुढे आला. महाराजांनी मात्र शांतपणे विचारलं, "काय झालं, माय?"

चैतालीने हातातल्या प्लगकडे बघितलं. तिसऱ्या पिनच्या जागी तुटका खुंट होता. मग तिने बापाकडे बघितलं. खरं सांगावं तर भर मंदिरात बापाची मान खाली जाणार. तिचे ओठ हलेनात. प्लग मागणारा हात पुढेच होता.

तेव्हा भाऊंनी तो प्लग तिच्या मुठीतून सोडवून घेतला. खुंटावरून अंगठा फिरवला.

"माऊली, ही पिन म्या कापली. पोर सांगत व्हती, म्या आयकलं न्हाई."

महाराज म्हणाले, "निवृत्ती, टाळ घे. आज तसंच गाऊ." मागची माणसं पुढे सरकली आणि गजर सुरू झाला. इतकी वर्षं महाराजांचा आवाज माझ्यातून गेला. त्या दिवशी मी तो पहिल्यांदा नुसता ऐकला.

आता चैताली इंजिनिअर आहे. मंदिरामागे चुकार वीज जमिनीत मुरवणारा, मीठ-कोळसा भरलेला अर्थिंगचा खड्डा आहे. तो भाऊंनी लेकीला विचारून विचारून स्वतः खणला. मी म्हातारा आता फळीवर बसून असतो.

मित्रांनो, यंत्राची घरघर ऐकलीत तर जाणत्याला दाखवा, त्याची पिन कापू नका. चैतालीचं कौतुक तुम्ही करालच, ते सांगायला नको. पण देवापुढे हात जोडाल तेव्हा निवृत्तीभाऊंचीही आठवण ठेवा. लेकीच्या ओठांवर अडलेलं खरं, गावासमोर त्यांनी आपल्या तोंडाने सांगितलं.